पाणी मचूळ झालंय का, बियाण्यालाच विचारा

समुद्राजवळच्या विहिरींचं दुखणं असं की पाणी हळूहळू मचूळ होत जातं, रोज पिऊन जिभेला सवय होते आणि रोपांची टोकं करपली की मग आपली धावपळ. खारटपणा मोजायचं मीटर नसेल तर पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी एवढं करा.

१. जे पेरायचंय त्याचंच बी घ्या, मोजून २०-२० चे दोन वाटे.
२. दोन ताटल्यांत ओलं फडकं अंथरा, एकाला साठवलेलं पावसाचं पाणी, दुसऱ्याला विहिरीचं. वरून झाका, नाहीतर पाणी उडून जातं आणि मागे मीठ वाढतं, मग सगळा हिशोबच चुकतो.
३. रोज बघा, आठवड्याने मोड मोजा. नुसते मोजू नका, मुळं शेजारी शेजारी ठेवून बघा, विहिरीकडची आखूड-तपकिरी दिसली की समजायचं, पाणी खारं झालंय.

विहिरीचं पाणी वरचं आणि तळाचं वेगवेगळं तपासलंत तर अजून बरं, कारण खारं पाणी जड, ते खाली बसतं. तळाचंच खराब निघालं तर फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपाच्या खालच्या टोकाची झडप) वर घ्या आणि पंप एकदम तासन्‌तास न चालवता थोडा थोडा चालवा. माझ्या मते या टेस्टचा खरा फायदा हाच.

फक्त एक, बी रुजलं म्हणजे पाणी चांगलं असं धरू नका. भात खाऱ्यातही बऱ्यापैकी रुजतो, पण लहान रोप असताना आणि फुलोऱ्यात मार खातो. त्यामुळे पाऊस लांबला की टेस्ट परत करायची.