मारखा खोरं चालायचंय? मग आधी लेहमध्ये लोळायला शिका

लडाखमधल्या मारखा खोऱ्याच्या ट्रेकमध्ये चालायला अवघड असं फारसं काही नाही. दोर लागत नाही, कातळ चढावा लागत नाही, वाट मळलेली आहे आणि रात्री गावात कुणाच्या तरी घरी अंथरूण मिळतं. राजगड-तोरणा एका दमात केलेल्या माणसाच्या पायांना इथे नवं शिकण्यासारखं काही नाही. तरीही पुण्या-मुंबईची धडधाकट पोरं विरळ हवेने गारद होऊन, खोऱ्याच्या वरच्या टोकाच्या निमालिंगच्या तळावरून घोड्यावर पालथी पडून परत येताना मी पाहिली आहेत. मी स्वतः पहिल्या खेपेला आलो, तेव्हा माझ्या नशिबी घोडाही नव्हता. दोन मित्रांच्या खांद्यांवर हात टाकून आलो.

बूट कुठले, सॅक किती लिटरची, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. ठाऊक नसेल तर आधी सह्याद्रीत दोन पावसाळे काढा.

तारखा

जूनअखेर ते सप्टेंबरचा मध्य. लेहमधले दिवस धरून अकरा दिवस हाताशी ठेवा. सात दिवसांत बसवून देतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. रोख पैसे लेहमध्येच काढा, आणि फोन प्रीपेड असेल तर तो लडाखमध्ये चालणार नाही हे घरच्यांना आधीच सांगा. तेवढ्यावरून आई जीव टांगणीला लावून बसते.

लेहला पोचणं

सवड असेल तर श्रीनगरहून रस्त्याने या. १६०० मीटरच्या आसपास असलेल्या श्रीनगरहून निघून एक रात्र कारगिलला, सुमारे २७०० मीटरवर, आणि एक रात्र लामायुरूला काढली की लेहला उतरेपर्यंत शरीराचं अर्धं काम झालेलं असतं. मनालीचा रस्ता देखणा आहे, पण त्यात खोच आहे: २००० मीटरवरच्या मनालीहून निघालेली माणसं मुक्कामाला थेट ४२०० मीटरच्या वरच्या सरचूला जातात आणि रात्रभर डोकं धरून बसतात. तिकडून यायचंच असेल तर सरचूऐवजी अलीकडे जिस्पाला झोपा.

बहुतेकांना सवड नसते. ते दिल्लीहून विमानात बसतात आणि दीड तासात ३५०० मीटरवर उतरतात. समुद्रसपाटीला छातीत जेवढा प्राणवायू जातो, त्याच्या साधारण ६५ टक्केच इथल्या श्वासात मिळतो. उतरल्या उतरल्या काही वाटत नाही आणि फसवणूक तिथेच सुरू होते. विरळ हवेचा त्रास सहसा सहा ते बारा तासांनी डोकं वर काढतो. म्हणजे सकाळी सातला उतरलेला माणूस बाजारात हिंडतो, फोटो काढतो, 'मला तर काहीच होत नाहीये' असा निरोप घरी पाठवतो आणि संध्याकाळी सातला बादली शोधतो.

लेहमधले तीन दिवस

या ट्रेकचा अवघड टप्पा कुठला, तर हा. पाय लांब करून पडून राहायचा.

पहिला दिवस: खोलीवर जा, झोपा, जेवा, पुन्हा पडा. दुसरा दिवस: सपाटीवर फिरा, फार तर चांगस्पाच्या गल्लीतून संकर गोम्प्यापर्यंत, म्हणजे तिथल्या बौद्ध मठापर्यंत. तिसरा दिवस: शांतिस्तूपाच्या पायऱ्या, त्याही सावकाश. गप्पा मारत चढता आलं पाहिजे. बोलताना वाक्य तुटायला लागलं की थांबायचं.

एवढंच आहे. आणि एवढंच कुणाला जमत नाही, कारण पैसे भरून आलेल्या माणसाला खोलीत पडून राहणं म्हणजे लुबाडलं गेल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं होतं. दुसऱ्याच दिवशी आमच्या गटाने गाडी ठरवली आणि आम्ही 'खारदुंग ला' ही खिंड गाठली ('ला' म्हणजे खिंड). तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात खिंड ५३५९ मीटर, म्हणजे १७,६०० फुटांच्या आत भरते, पण माझ्या डोक्याला त्या फरकाचं काही पडलेलं नव्हतं. परतताना दोनदा गाडी थांबवून ओकलो. संध्याकाळी क्रोसिनच्या दोन गोळ्या घेतल्या आणि कुणाला काही बोललो नाही. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट उतरलेला माणूस मी, माझं डोकं दुखतंय हे सांगायचं कुणाला?

तर पहिली गोष्ट ही समजून घ्या. तुमचा दमसास आणि विरळ हवेचा त्रास यांचा एकमेकांशी संबंध नाही. उलट दमदार माणूस भरभर चढतो, म्हणून तोच आधी पडतो. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्याला त्रास होतो आणि त्याच्या सासूबाई मजेत थुक्पा ओरपत बसतात, हे मी पाहिलंय.

आत काय चालतं तेही थोडक्यात सांगतो. प्राणवायू कमी पडला की आपण नकळत जोरात श्वास घेतो. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि रक्त अल्कधर्मी होतं. मग मेंदू म्हणतो, पुरे, श्वास आवर. ही ओढाताण मिटवायचं काम मूत्रपिंडं करतात. ती जास्तीचं बायकार्बोनेट लघवीतून बाहेर टाकतात आणि त्यांना त्यासाठी काही दिवस लागतात. घाई करून ते होत नाही, प्राणायामाने होत नाही आणि जिद्दीने तर नाहीच नाही. लघवीला वारंवार जावं लागतंय म्हणून वैतागू नका, यंत्रणा कामाला लागल्याची ती खूण आहे.

रात्री तुमच्या शेजारी झोपलेला माणूस श्वास घेता घेता थांबेल, दहा-पंधरा सेकंद काहीच हालचाल नाही आणि मग एकदम दचकून मोठा श्वास घेईल. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी शेजाऱ्याला गदागदा हलवून उठवलं होतं आणि शिव्या खाल्ल्या होत्या. हे उंचीवर सर्रास होतं. झोपू द्या त्याला.

आता सल्ल्यांचा समाचार घेतो.

कापराची पुरचुंडी: आमच्याकडून कुणीही हिमालयात निघालं की एखादी मावशी ती हातात देतेच. कापूर हुंगला की नाक मोकळं वाटतं. रक्तातला प्राणवायू रेसभरही वाढत नाही. मावशीचं मन राखायला खिशात ठेवा.

लसणाचं सूप: चवीला छान. तेवढंच.

होमिओपॅथीच्या 'कोका' नावाच्या साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या: त्यांच्या भरवशावर कुणी एक रात्रही आधी वर जाऊ नये.

प्राणवायूचे हातातले डबे: लेहच्या दुकानांत ओळीने मांडलेले असतात. काही मिनिटांत संपतात आणि संपले की तुम्ही होता तिथेच.

'पाच-सहा लिटर पाणी प्या': एवढं ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊ शकतं आणि त्यानेही डोकं दुखतं. तीन-साडेतीन लिटर, सूप आणि चहा धरून, पुष्कळ झालं.

ऑक्सिमीटर: जवळ ठेवा, पण दर तासाला बोट घालून बसू नका. लेहमध्ये पहिल्या दिवशी ८५-९० आकडा दिसला तर घाबरण्यासारखं काही नाही. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर तो वाटेल ते दाखवतो. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहा: जेवतोय का, विनोद करतोय का, नीट चालतोय का.

डायमॉक्सची (अॅसिटाझोलामाइडची) गोळी मात्र खरोखर उपयोगी आहे. मूत्रपिंडांचं ते काम ती लवकर उरकून देते. प्रतिबंधासाठी नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चढाच्या आदल्या दिवसापासून. पण सल्फाची अॅलर्जी असेल, मूत्रपिंडाचा काही त्रास असेल किंवा इतर औषधं चालू असतील, तर आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हात लावायचा नाही. बोटांना मुंग्या येतील आणि सोडा गटारासारखा लागेल, ते चालायचंच. गोळी घेतली म्हणजे तीनचे दोन दिवस करता येतात, असला हिशेब मांडू नका. दारू आणि झोपेच्या गोळ्या या तीन दिवसांत बंद, कारण दोन्ही श्वास मंदावतात.

आणि नियम एकच पाळायचा असेल तर हा पाळा: डोकं दुखत असताना वर झोपायला जायचं नाही. दिवसा थोडं उंच जाऊन आलात तरी चालेल, हिशेब रात्रीच्या उंचीचा असतो. ३००० मीटरच्या वर एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढ नको आणि तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर.

चिलिंग ते हंकर

हा भाग सुखाचा आहे. ट्रेक जिथे सुरू होतो त्या चिलिंगला झंस्कार नदी पुलावरून ओलांडायची. पूर्वी इथे दोराला टांगलेल्या पाळण्यातून जावं लागायचं. स्क्यू सुमारे ३४०० मीटर, मारखा गाव ३८०० च्या आसपास, हंकर ४००० च्या. गाडीरस्ता खोऱ्यात आत सरकत चाललाय, त्यामुळे पहिल्या टप्प्यात धूळ खायची तयारी ठेवा. ओढे सकाळी ओलांडा. दुपारी वरचं बर्फ वितळून तेच पाणी घोट्याचं मांडीपर्यंत येतं. मुक्कामाच्या घरात आमा-लेंना, म्हणजे घरच्या आईला, आधी 'जुले' (नमस्कार) म्हणा, मग चुलीजवळ बसा. स्क्यू नावाच्या गावी स्क्यू नावाचाच पदार्थ मिळतो: कणकेचे अंगठ्याने दाबलेले तुकडे, भाज्यांच्या रश्श्यात शिजवलेले. थेट आपल्या वरणफळांचा चुलतभाऊ. संडास कोरडा असतो, वापरल्यावर फावडंभर माती टाकायला विसरू नका.

थाचुंगत्से आणि निमालिंग

इथे पुन्हा हळू वाचा.

बहुतेक गट हंकरहून एका दिवसात निमालिंगला जातात. चालायला ते जड नाही. पण ४००० वरून एकदम ४७०० च्या वर झोपायचं, म्हणजे ५०० चा नियम धाब्यावर. मधे थाचुंगत्सेला, ४२५० च्या आसपास, ओढ्याकाठी तळाची सपाट जागा आहे. तिथे एक रात्र काढा. बरोबरची माणसं कंटाळली तर कंटाळू देत, समोरच्या उतारावर 'भरल' नावाची रानमेंढरं दिसतात, ती मोजा म्हणावं.

आम्ही काढली नाही. निमालिंगला पोचलो तेव्हा चार वाजले होते, समोर कांग यात्सेचं शिखर सोन्यासारखं पेटलेलं आणि मला त्याच्याकडे बघावंसंही वाटेना. तंबूबाहेर बसून बुटाची नाडी बांधत होतो. पहिला फास घेतला, दुसरा कुठून न्यायचा तेच आठवेना. पुन्हा सोडली, पुन्हा धरली. मित्र आधी हसला. मग त्याने मला उभं केलं आणि तंबूच्या दोरीशेजारून टाच पुढच्या पायाच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत चालायला लावलं. तिसऱ्या पावलाला मी दोरीवर पडलो.

ही चाचणी पाठ करा. डोकेदुखी, मळमळ, थकवा इथवर थांबून वाट बघता येते. पण सरळ रेषेत चालता येत नाही, बोलणं असंबद्ध होतंय, किंवा स्वस्थ बसल्यावरही धाप जात नाही, खोकल्यातून फेस येतोय, ओठ निळसर दिसतायत, यातलं एक जरी असलं तरी मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येते आहे. सकाळची वाट बघायची नाही. त्याच क्षणी खाली, कुणाच्या तरी सोबतीने. औषधं असतील तर ती उतरता उतरता.

आणि खाली म्हणजे आलो त्या दिशेने. निमालिंगचा सापळा नेमका इथे आहे. गटातला कुणीतरी शहाणा म्हणतोच, 'उद्या खिंड ओलांडली की पलीकडे उतारच आहे, पुढेच जाऊ.' नकाशावर ते खरं दिसतं. पण ती खिंड, 'कोंगमारू ला', सुमारे ५२०० मीटरवर आहे. म्हणजे उतरण्याआधी आजारी माणसाला आणखी चारपाचशे मीटर चढवायचं, तेही जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून जरासाच जास्त आहे. आमच्यातही तो वाद झाला. मिटवला आमच्या घोडेवाल्याने. तो माझ्या डोळ्यांत बघून एवढंच म्हणाला, "साब, नीचे. अभी." घोडे चरायला लांब गेलेले होते, म्हणून दोघांनी मला मधे धरलं आणि टॉर्चच्या उजेडात थाचुंगत्सेपर्यंत आणलं. रात्री दोनच्या सुमाराला मी आपण होऊन चहा मागितला, तेव्हा कुठे त्यांनी पाठी टेकल्या. ज्या जागी आम्ही झोपायला नको म्हणालो होतो, तिथेच झोपलो.

त्या वर्षी मी खिंड पाहिली नाही. आलो त्याच वाटेने परत गेलो आणि लेहच्या सरकारी रुग्णालयात दाखवून घेतलं. तिथल्या डॉक्टरांसाठी मी त्या दिवसातला कितवा तरी पर्यटक होतो.

खिंड आणि उतार

पहाटे पाचला निघा. वर पोचायला दोन-अडीच तास, वारा असेल तर माथ्यावर दहा मिनिटंही टिकवत नाही. उतरताना चोकदोपर्यंत घळीतून तोच तो ओढा पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो, सँडल सॅकच्या तळाशी ठेवू नका. गुडघ्यांना काठी द्या. शांग सुमदोला गाडी किती वाजता हवी ते लेह सोडतानाच ठरवून ठेवा, कारण तिथे उतरल्यावर रेंज मिळेलच असं नाही आणि दगडावर बसून गाडीची वाट बघणं चार तासांनी जाम कंटाळवाणं होतं.