स्टेडियममधलं रहस्यनाट्य कसं लिहाल?

जत्रेत, उत्सवात नाटकं करणाऱ्या आपल्या मंडळांनी रहस्यनाट्य म्हटलं की जुना वाडा, पाऊस आणि गेलेली वीज घेणं आता थांबवावं. मी फोंड्यात नाटकं लिहितो. माझं सांगणं एवढंच, की मडगावचं, फातोर्ड्याचं फुटबॉल स्टेडियम घ्या.

आधी ‘टाटोर्ट’ ही जर्मन मालिका बघा. नोव्हेंबर १९७० पासून ती चालू आहे. रविवारी रात्री सव्वाआठला, साधारण ९० मिनिटांत एक अख्खा गुन्हा उलगडतो. मध्ये जाहिराती नसतात, त्यामुळे ताण सैल करायला लेखकाला जागाच मिळत नाही. फुटबॉलची मॅचही ९० मिनिटांची. पडदा आणि शिट्टी एकाच वेळी.

मग माणूस निवडा. मॅचवर बॉम्बचं सावट आहे असं धरा. बॉम्ब ठेवणारा नको. मॅच थांबवायची की नाही हे ठरवणारा घ्या. १३ नोव्हेंबर २०१५ला पॅरिसजवळ फ्रान्स-जर्मनी मॅच चालू असताना स्टेडियमबाहेर स्फोट झाले. आवाज आत ऐकू आले, तरी खेळ शेवटपर्यंत चालू ठेवला. जर्मन संघाने ती रात्र स्टेडियममध्येच काढली. चारच दिवसांनी हॅनोव्हरमध्ये जर्मनी-नेदरलँड्स मॅच सुरू व्हायला दीडेक तास असताना रद्द केली. एकाने लोकांना आत बसवून ठेवलं, दुसऱ्याने घरी पाठवलं. तुमच्या पात्राला या दोन्ही वाटा खऱ्या वाटल्या पाहिजेत. लाउडस्पीकरवर घोषणा केली तर जिन्यांवर चेंगराचेंगरी, नाही केली तर काय, हा प्रश्न त्याच्या हातातल्या माइकपाशी अडकलेला राहू द्या.

नेपथ्य सोपं आहे. कंट्रोल रूम, एक टेबल, वॉकीटॉकी आणि प्रेक्षकांकडे पाठ केलेला टीव्ही, म्हणजे त्याचा उजेड फक्त चेहऱ्यावर पडेल. गर्दी विंगेतून, आवाजातच. इथे एक बारकावा नीट ऐकून या. मॅचच्या संध्याकाळी स्टेडियमजवळच्या रस-ऑम्लेटच्या (रश्शातल्या ऑम्लेटच्या) गाड्यावर उभे राहा. मैदानातला कल्लोळ आधी येतो; गाडेवाल्याच्या मोबाइलवर गोल काही सेकंदांनी दिसतो. मधले ते सेकंद सोनं आहेत. विंगेतून अचानक आरडाओरड उठते, टीव्हीवर मात्र चेंडू अजून मध्यावर. हा गोल की स्फोट? तालमीत ध्वनिसंयोजकाला पहिल्या दिवसापासून बसवा.

मॅच खरी घ्या. ऑक्टोबर २०१७मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात याच मैदानावर इराणने जर्मनीला ४-० हरवलं. गोल तुमच्या सोयीने होणार नाहीत, म्हणून कथानकाला त्यांच्याभोवती वळावं लागतं. आपल्या प्रेक्षकांत त्या दिवशी तिथे असलेले लोक असतील, तेव्हा चार कल्लोळ म्हणजे चारच.

मध्यंतर मॅचच्या हाफ टाइमलाच द्या, १५ मिनिटांचं. आणि शेवट इंज्युरी टाइमसाठी राखून ठेवा, कारण किती मिनिटं वाढणार हे चौथा पंच बोर्ड वर करेपर्यंत कंट्रोल रूममध्येही कुणाला माहीत नसतं.