अंध किंवा कर्णबधिर मुलांचं उन्हाळी शिबिर कसं आखावं

माणसं कमी असतील तर अंध आणि कर्णबधिर मुलांना एकाच शिबिरात घेऊ नका. एका गटाला सगळं बोलून सांगायचं, दुसऱ्याला खुणांनी. त्यात दोन्ही गट ताटकळतात. सुरुवातीला 15 ते 20 मुलं आणि तीन-चार दिवस भरपूर झाले.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरच्या टक्केवारीवरून आखणी होत नाही. पालकांना विचारा, संध्याकाळी कितपत दिसतं, उन्हाने डोळे दिपतात का, फिटचं औषध चालू आहे का. काचबिंदू, चष्म्याचा मोठा मायनस नंबर किंवा डोळ्याच्या आतल्या पडद्याचं ऑपरेशन असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उड्या-कोलांट्या नकोत. धक्क्याने पडदा सुटू शकतो.

अंध मुलांचा पहिला अर्धा दिवस जागा ओळखण्यात जाऊ द्या. खोली ते संडास, नळ, जेवणाची जागा, मूल एकटं जाऊन येईपर्यंत. उघड्या अंगणात कमरेच्या उंचीवर दोरी ताणा. बादल्या-खुर्च्यांची जागा मग बदलायची नाही. दार पूर्ण उघडं नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट दाराची कड काठीला सापडत नाही, थेट कपाळाला सापडते. चालताना मुलाला पुढे ढकलू नका. त्याने तुमचा दंड कोपराच्या वर धरून अर्धं पाऊल मागे चालावं. ताट घड्याळासारखं सांगा: मीठ बाराला, चटणी दहाला, भाजी दोनला, भात मधे. "भाजी इकडे आहे" म्हणणारे स्वयंसेवक दरवर्षी भेटतात!

क्रिकेटसाठी आत छरे असलेला, वाजणारा प्लॅस्टिकचा चेंडू लागतो. तो हात खाली ठेवून टाकायचा, सोडताना "प्ले" म्हणायचं. टाळ्या चेंडू थांबल्यावरच, नाहीतर छऱ्यांचा आवाज बुडतो. शेजारी लग्नाचा हॉल असेल तर मैदान बदला.

कर्णबधिर मुलांच्या शिबिरात मे महिन्याचा घाम श्रवणयंत्रं बंद पाडतो. रात्री यंत्र पुसून, सेलचं झाकण उघडं ठेवून, सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवा. जादा सेल आणताना प्रत्येक यंत्राला कुठल्या नंबरचा, म्हणजे आकाराचा, सेल लागतो ते पाहा. 13 चा सेल 675 च्या यंत्रात चालत नाही. सेलवरचा स्टिकर काढला की सेल उतरायला लागतो, म्हणून आधीच सोलून ठेवू नका. जुने-नवे सगळे सेल कुलपात. गिळले तर जिवावर बेततं.

बोलणाऱ्याने खिडकीकडे पाठ करून उभं राहू नये, चेहरा काळवंडतो आणि ओठ दिसत नाहीत. रात्री यंत्रं काढलेली असतात, त्यामुळे हाक ऐकू जात नाही. प्रत्येक खोलीत एक मोठं माणूस झोपवा आणि त्याच्या उशाशी चार्ज केलेली बॅटरी (टॉर्च) ठेवा. वीज गेली तर तिचा झोत मुलांच्या डोळ्यांवर नको, खुणा करणाऱ्याच्या हातांवर आणि चेहऱ्यावर हवा.