लांबच्या फ्लाइटनंतर परदेशात उतरताना : निघायच्या आधीपासून पहिल्या रात्रीपर्यंत काय काय करायचं

बारा-चौदा तास विमानात बसून उतरल्यावर डोकं नीट चालत नाही, आणि नेमकी तेव्हाच पाच-सहा महत्त्वाची कामं एकापाठोपाठ एक समोर येतात, म्हणजे ऑफिसरला उत्तरं द्यायची, बॅग शोधायची, कस्टममध्ये काय सांगायचं ते ठरवायचं, पैसे काढायचे आणि वर अनोळखी शहरात गाडी पकडायची. म्हणून आधीच सांगते, विचार करायचं जेवढं काम आहे तेवढं सगळं निघायच्या आधी उरकून टाका, उतरल्यावर फक्त ठरवलेलं करायचं, नवीन काही ठरवायला बसायचं नाही. खालचं सगळं याच हिशोबाने लिहिलंय.

निघायच्या आधी

एक कागद करा. हो, कागदच, कारण उतरल्यावर फोनची बॅटरी संपलेली असू शकते, नेट नसतं, आणि मेलमध्ये बुकिंग शोधत बसायला रांगेत वेळ मिळत नाही. त्यावर राहायचा पूर्ण पत्ता (जमलं तर तिथल्या लिपीतही, ड्रायव्हरला दाखवायला बरं पडतं), तिथल्या ओळखीच्या माणसाचा किंवा हॉटेलचा फोन नंबर, परतीच्या तिकिटाची तारीख, इन्शुरन्सचा पॉलिसी नंबर आणि त्यांचा हेल्पलाइन नंबर. घरच्या एका माणसाचा नंबरही लिहा, आजकाल कुणाचाच नंबर पाठ नसतो.

मग ऑनलाइन फॉर्म. बऱ्याच देशांनी विमानात वाटायचे कागदी फॉर्म बंद करून ऑनलाइन अरायव्हल कार्ड सुरू केलंय. सिंगापूर, मलेशिया आणि मे २०२५पासून थायलंड, तिन्हीकडे ते पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि तिन्हीकडे ते फुकट आहे. सर्च केल्यावर वरच्या वर ज्या साइट दिसतात त्यातल्या काही यासाठी पैसे मागतात, त्या सरकारी नसतात, तेव्हा त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवरूनच जा. भरून झालं की स्क्रीनशॉट काढा आणि एक प्रिंटही ठेवा.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, आणि केबिन बॅगेतच, चेक-इनच्या बॅगेत अजिबात नाही. एका देशात सहज मिळणारं औषध दुसऱ्या देशात बंदी असलेलं निघू शकतं. जपानमध्ये सर्दीच्या काही गोळ्यांमधल्या स्युडोएफेड्रिनवर निर्बंध आहेत, संयुक्त अरब अमिरातीत कोडीन असलेल्या औषधांवर आहेत. रोजची औषधं असतील तर त्या देशाची यादी बघूनच बॅग भरा. इन्शुलिन किंवा ठराविक वेळेला घ्यायचं दुसरं काही असेल तर वेळ बदलल्यावर डोस कसा घ्यायचा ते डॉक्टरकडून लिहूनच घ्या, विमानात बसून स्वतः हिशोब करू नका.

फोनचं म्हणाल तर ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्ये नेटवरून टाकायचं सिम) घरच्या वायफायवरच टाकून ठेवा कारण ते टाकायलाच नेट लागतं, आणि त्या शहराचा मॅप ऑफलाइन उतरवून घ्या. एक गोष्ट बरेच जण विसरतात, बँकेचा ओटीपी तुमच्या जुन्या नंबरवर येतो, त्यामुळे जुनं सिम काढून टाकू नका, त्यावर रोमिंगमध्ये निदान मेसेज येतील एवढं चालू ठेवा. पॉवर बँक केबिन बॅगेत, ती चेक-इनमध्ये चालत नाही. एक जोडी कपडे पण केबिन बॅगेत, का ते बॅगेच्या भागात येईलच.

विमानातले शेवटचे दोन तास

केबिनमधली हवा फार कोरडी असते, आर्द्रता साधारण २० टक्क्यांच्या खाली, आणि हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो, त्यामुळे उतरताना डोकं जड होणं, घसा सुकणं, पाय सुजणं हे सगळं बहुतेकांना होतंच. पाणी पीत राहा, आणि बूट काढले असतील तर लवकरच घालून बघा, शेवटच्या पाच मिनिटांत सुजलेले पाय बुटात जात नाहीत.

सीट बेल्टचा दिवा लागायच्या आधी टॉयलेटला जाऊन या. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग तासभर असू शकते आणि मध्येच बाहेर पडलात तर परत मागून लागावं लागतं. लहान मूल बरोबर असेल तर विमान खाली यायला लागलं की त्याला उठवा आणि काहीतरी प्यायला द्या, गिळताना कान मोकळे होतात, झोपलेलं मूल गिळतच नाही म्हणून त्याचे कान जास्त दुखतात.

आणि उठताना समोरच्या सीटच्या खिशात हात घालून बघा. फॉर्म भरायला पासपोर्ट काढतात आणि तिथेच ठेवून देतात, असं खूप जणांचं होतं.

इमिग्रेशन

आधी बोर्ड बघा, ट्रान्सफर (पुढची फ्लाइट पकडणाऱ्यांसाठी) आणि अरायव्हल्स (तिथेच उतरणाऱ्यांसाठी) हे दोन वेगळे रस्ते असतात, गर्दीच्या मागे चालत गेलात तर चुकीच्या बाजूला पोचाल. अमेरिकेत पुढची फ्लाइट असली तरी साधारणपणे पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं, बॅगही तिथेच उचलून कस्टममधून काढून परत द्यावी लागते, म्हणून तिथे दोन फ्लाइटमध्ये दीड तासाचं अंतर घेणं मला तरी धोक्याचं वाटतं.

रांगेत फोन खिशात ठेवा, त्या हॉलमध्ये फोटो काढायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. ऑफिसरला मुळात तीनच गोष्टी कळायला हव्या असतात, कशाला आलात, किती दिवस राहणार आणि परत जाणार ना, म्हणजे खर्च कोण करतंय हेही त्यातच आलं. विचारलं तेवढंच सांगा, खरं सांगा, छोट्या वाक्यात सांगा. भाषा नीट कळली नाही तर नुसती मान हलवून हो म्हणू नका, परत विचारा, किंवा सरळ सांगा की दुभाषा हवाय, त्यात कमीपणा काहीच नाही, उलट चुकीच्या "हो" मुळेच गोंधळ होतो. आईबाबा एकटे प्रवास करत असतील तर त्यांच्याबरोबर हा भाग घरी दोनदा बोलून घ्या, निम्मी भीती तिथेच जाते.

कधीकधी बाजूच्या खोलीत बसवतात. म्हणजे काही गुन्हा केलाय असं नाही, त्यांना एखादी गोष्ट तपासायची असते. तो कागद बाहेर काढून ठेवा आणि शांत बसा.

काउंटर सोडायच्या आधी शिक्का बघा, तारीख आणि राहायची मुदत बरोबर आहे का. व्हिसा कधीपर्यंत वैध आहे आणि तुम्ही किती दिवस राहू शकता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, यात भल्याभल्यांची गफलत होते. अमेरिकेत राहायची शेवटची तारीख आय-९४ या रेकॉर्डमध्ये असते आणि ते ऑनलाइन बघता येतं, एक-दोन दिवसांत नक्की तपासा. युरोपात शेंगेन भागात (एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) पर्यटक म्हणून १८० दिवसांत ९० दिवस मिळतात, आणि ऑक्टोबर २०२५पासून तिथे शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन कॉम्प्युटरवर नोंद करायला सुरुवात झालीय, तेव्हा पहिल्यांदा जाताना रांगेत थोडा जास्त वेळ धरा.

बॅग

बॅग उचलली की टॅगवरचा नंबर तुमच्याकडच्या चिठ्ठीशी जुळवून बघा, काळ्या बॅगा सगळ्या सारख्याच दिसतात. पट्टा थांबला आणि बॅग आलीच नाही तर हॉलमधून बाहेर पडू नका. तिथेच एअरलाइनचा बॅगेज काउंटर असतो, तिथे तक्रार लिहून द्या, पीआयआर म्हणतात त्या तक्रारीला, आणि तिचा नंबर घ्या, बाहेर पडल्यावर सगळं फार अवघड होऊन बसतं. बॅग फुटलेली मिळाली तरी तिथेच दाखवा. १९९९च्या माँट्रियल करारात बहुतेक देश आहेत, त्याप्रमाणे नुकसान झालं असेल तर बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि बॅग उशिरा आली असेल तर ती हातात आल्यापासून २१ दिवसांत एअरलाइनला लेखी कळवावं लागतं, काउंटरवर बोललात तेवढ्याने भागत नाही. बॅग २१ दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. मधल्या काळात गरजेचे कपडे, ब्रश वगैरे जे घ्याल त्याच्या पावत्या जपून ठेवा, तो वाजवी खर्च मागता येतो. आणि पहिल्या दिवशी ती केबिन बॅगेतली कपड्यांची जोडी कामाला येते.

कस्टम

हिरवा रस्ता म्हणजे सांगण्यासारखं काही नाही, लाल म्हणजे आहे. शंका असली की लाल, माझ्या मते यात दुसरा विचारच करू नये. खायच्या वस्तू, बिया, झाडं, मध, लाकडाच्या वस्तू, मातीने भरलेले बूट याबाबतीत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड फार कडक आहेत कारण बाहेरची कीड आणि रोग त्यांना आत येऊ द्यायचे नाहीत. सांगितलंत तर फार तर ती वस्तू काढून घेतील, लपवलंत आणि सापडलं तर जागेवर दंड होतो. रोख पैशाचंही तसंच, अमेरिकेत १०,००० डॉलरच्या वर आणि युरोपीय संघात १०,००० युरो किंवा जास्त असतील तर नेता येतात पण सांगावे लागतात. दुसऱ्याचं पार्सल घेऊन जाऊ नका, कितीही जवळचा माणूस असला तरी. तुमच्या बॅगेत जे आहे ते तुमचंच धरतात.

बाहेर पडल्यावर

दारातून बाहेर आलात की लगेच धावू नका. एका बाजूला बसा, वायफाय लावा, घरी मेसेज करा, पासपोर्ट जागेवर आहे ना बघा. "टॅक्सी टॅक्सी" करत जो स्वतःहून जवळ येतो त्याला नको म्हणा आणि अधिकृत रांगेत जा, किंवा आधीच ठरवलेल्या ट्रेनने जा. पैसे लागणार असतील तर बँकेच्या एटीएममधून थोडेच काढा. मशीन विचारतं की तुमच्या देशाच्या चलनात हिशोब करू का, तिथे नाही म्हणून तिथलंच चलन निवडा, नाहीतर मशीनवाले त्यांच्या दराने बदलतात आणि तो दर जवळजवळ नेहमीच महाग पडतो. कार्ड मशीनवरही हाच प्रश्न येतो, उत्तरही हेच.

भाड्याची गाडी घेऊन लगेच चालवायला बसू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. सलग १७-१८ तास जागं राहिलेल्या माणसाचं चालवणं रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं बिघडलेलं असतं असं अभ्यासात दिसलंय, आणि त्यात रस्त्याची बाजू उलटी असली तर विचारूच नका. गाडी दुसऱ्या दिवशी घ्या.

पहिला दिवस आणि झोप

शरीराचं घड्याळ मेंदूत असतं आणि ते मुख्यतः डोळ्यात जाणाऱ्या उजेडावर चालतं. बहुतेकांचं हे घड्याळ २४ तासांपेक्षा थोडं लांब असतं, म्हणून उशिरा झोपणं सोपं जातं आणि लवकर झोपणं अवघड, आणि म्हणूनच पश्चिमेकडे जाणं सोसतं पण पूर्वेकडे गेलं की जास्त दिवस त्रास होतो. साधारण एका तासाच्या फरकाला एक दिवस लागतो असं धरा, पूर्वेकडे थोडा जास्तच.

"उतरल्यावर उन्हात फिरा" असं सगळेच सांगतात, पण कुठल्या वेळेच्या उन्हात ते महत्त्वाचं आहे. घरी तुम्ही ज्या वेळेला उठता त्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सगळ्यात कमी असतं. त्या वेळेच्या आधी उजेड मिळाला तर घड्याळ मागे सरकतं, म्हणजे झोप उशिरा येते, नंतर मिळाला तर पुढे, म्हणजे झोप लवकर येते. पूर्वेला गेलात तर ते पुढे सरकायला हवं, पश्चिमेला गेलात तर मागे. समजा घरी सातला उठता, म्हणजे ती वेळ साडेचारच्या आसपास, आणि आठ तास पूर्वेला गेलात तर तिथे तेव्हा दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. म्हणजे पहिल्या दिवशी सकाळी आठला फिरायला गेलात तर घड्याळ उलटं सरकेल! तेव्हा सकाळी गॉगल लावा, घरात राहा, आणि दुपारी एकनंतर बाहेर पडून भरपूर उजेड घ्या, मग रोज एखाद-दीड तास लवकर बाहेर पडत जा. आठ तास पश्चिमेला गेलात तर हिशोब सोपा, संध्याकाळी जितका वेळ उजेड आहे तितका वेळ बाहेर राहा. हा हिशोबही निघायच्या आधी करून कागदावर लिहून ठेवा. फरक दोन-तीन तासांचाच असेल तर एवढं बघायची गरज नाही.

दुपारी डोळे मिटायलाच लागले तर अलार्म लावून वीस मिनिटं झोपा, जास्त नको. कॉफी दुपारनंतर बंद, कॅफिनचं प्रमाण शरीरात निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. जेवण तिथल्या वेळेला आणि हलकं. मेलाटोनिन (झोपेच्या हार्मोनची गोळी) घ्यायचं असेल तर डॉक्टरला विचारून, कारण चुकीच्या वेळेला घेतलं तर तेही घड्याळ उलटं सरकवतं. मध्यरात्री तीनला जाग आली तर मोठे दिवे लावू नका, फोन बघू नका, पडून राहा, झोप नाही लागली तरी विश्रांती होते. पहिल्या दिवशी मीटिंग, परीक्षा, घराचा करार असलं काहीही ठेवू नका.

झोपायच्या आधी तिथला इमर्जन्सी नंबर फोनमध्ये टाका, युरोपीय संघात ११२, अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९.

आणि पायांकडे लक्ष ठेवा. दोन्ही पाय थोडे सुजणं एक-दोन दिवसांत उतरतं. पण एकच पोटरी सुजली, दुखते, गरम लागते, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. चार तासांपेक्षा मोठ्या प्रवासानंतर हा धोका वाढतो आणि पुढचे काही आठवडे राहतो. अशा वेळी थांबून बघू नका, लगेच हॉस्पिटलला जा आणि नुकताच लांबचा विमानप्रवास केलाय हे डॉक्टरला आधी सांगा.