लाल बटू ताऱ्याभोवतीचा ग्रह घरबसल्या कसा पकडायचा

२००४ च्या जूनमध्ये शुक्राचं अधिक्रमण झालं, म्हणजे शुक्र सूर्यासमोरून गेला, तेव्हा बाबांनी गच्चीवर दुर्बीण लावून पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्य पाडून दाखवला होता, त्या चकतीवरून सरकणारा काळा ठिपका अजून डोळ्यासमोर आहे. आज सांगणार आहे ते तेच, फक्त तारा साधारण ४९ प्रकाशवर्षं लांब आहे आणि ठिपका काही दिसत नाही, ताऱ्याचा उजेड जरासा कमी झाला एवढंच कळतं.

दुर्बीण लागत नाही. लॅपटॉप, नेट, गूगल अकाउंट आणि पायथॉनची जुजबी ओळख असली की झालं. डेटा नासाच्या टेस ह्या ग्रह शोधणाऱ्या उपग्रहाचा, तो सगळ्यांना फुकट आहे.

तारा घ्यायचा एलएचएस ३८४४. लाल बटू म्हणजे एम ड्वार्फ, थंड आणि किरकोळ वजनाचा. आपल्या आकाशगंगेत चारातले जवळजवळ तीन तारे असलेच, तरी नुसत्या डोळ्यांना एकही दिसत नाही इतके मंद. एलएचएस ३८४४ चं वस्तुमान सूर्याच्या १५ टक्के, त्रिज्या १९ टक्के. नवख्या माणसाने सुरुवात लाल बटूपासूनच करावी असं माझं ठाम मत आहे, कारण तारा छोटा असला की ग्रह त्याचा मोठा भाग झाकतो. पृथ्वीच्या १.३ पट त्रिज्येचा ग्रह सूर्यासमोरून गेला तर उजेड जेमतेम ०.०१४ टक्के कमी होईल, ह्या ताऱ्यासमोरून गेला की ०.४ टक्के. घरी बसून सापडतो तो ह्यामुळेच.

गूगल कोलॅबमध्ये (ब्राउझरमध्येच पायथॉन चालवायची सोय) नवीन नोटबुक उघडा आणि लाइटकर्व्ह (स्पेलिंग lightkurve) नावाची लायब्ररी पिपने टाका. मग तिच्या लाइटकर्व्ह, म्हणजे वेळेनुसार उजेडाचा आलेख, शोधायच्या फंक्शनला ताऱ्याचं नाव द्या, मिशन टेस, ऑथर स्पॉक (SPOC, नासाचा डेटा तयार करणारा गट), एक्सपोजर १२० सेकंद, सेक्टर १ (सेक्टर म्हणजे टेस एका वेळी बघतो तो आकाशाचा तुकडा). हा २०१८ च्या जुलै-ऑगस्टमधला साधारण २७ दिवसांचा डेटा आहे, दर दोन मिनिटांना एक बिंदू. डाउनलोड करून प्लॉट काढलात की नुसता ठिपक्यांचा पट्टा दिसेल, मधे एक रिकामी फट (तेव्हा उपग्रह पृथ्वीकडे डेटा पाठवत होता), आणि ग्रह कुठेच दिसणार नाही. घाबरू नका, तो त्यातच आहे.

आता साफसफाई, आणि इथे घाई नको. आधी रिकाम्या नोंदी काढा. मग बाहेर उडालेले बिंदू काढायचे, पण फक्त वरचे! वरची मर्यादा ४ सिग्मा (सिग्मा म्हणजे बिंदूंच्या नेहमीच्या पसाऱ्याचं माप) ठेवा आणि खालची चांगली मोठी, २० वगैरे. मी पहिल्यांदा दोन्हीकडे ३ ठेवली होती आणि ग्रहाने पाडलेल्या खड्ड्यातले बरेचसे बिंदू मीच कचरा समजून उडवले, दोन संध्याकाळी त्यात गेल्या. वरचे मात्र काढायलाच हवेत कारण लाल बटूंवर फ्लेअर होतात, मिनिटांत उजेड वर उसळतो आणि मग हळूहळू उतरतो. त्यानंतर फ्लॅटन, म्हणजे ताऱ्याचे आणि उपकरणाचे संथ चढउतार सपाट करणं. खिडकी ४०१ बिंदूंची ठेवा, म्हणजे साधारण १३ तास. ३१ बिंदूंची ठेवलीत तर खिडकी होते तासाभराची, आणि अधिक्रमण अर्ध्या तासाचं, मग खड्डाही सपाट होऊन जातो.

पुढे बीएलएस पिरिओडोग्राम. हा प्रोग्राम वेगवेगळे कालावधी धरून बघतो की ठरावीक अंतराने चौकोनी खड्डा येतोय का. कालावधी ०.३ ते ५ दिवस, पायऱ्या २० हजार, खड्ड्याची रुंदी ०.०२ दिवस. पायऱ्यांमध्ये कंजुषी करू नका, १ हजारच ठेवल्या तर कालावधी किंचित चुकतो आणि पन्नासेक फेऱ्यांत ती चूक साठत साठत सगळे खड्डे एकमेकांवरून सरकतात. सगळं नीट असेल तर ०.४६२९ दिवसांवर सुळका येईल. म्हणजे ११ तास ७ मिनिटं, तिथलं अख्खं वर्ष आपल्या एका दिवसात दोनदा होऊन वर वेळ उरतो!

त्या कालावधीवर डेटा फोल्ड करा, म्हणजे सगळ्या फेऱ्या एकावर एक रचा, आणि बिन करा, म्हणजे जवळजवळच्या बिंदूंची सरासरी घ्या. मधोमध छोटी वाटी उमटते. पहिल्यांदा ती उमटली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

आता कागद-पेन घ्या. खोली ०.००४, त्याचं वर्गमूळ साधारण ०.०६३. ताऱ्याची त्रिज्या पृथ्वीच्या २०.७ पट. गुणाकार केला की पृथ्वीच्या १.३ पट, ही ग्रहाची त्रिज्या. केप्लरच्या तिसऱ्या नियमाने अंतर काढा, ०.००६२ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) येतं, म्हणजे सुमारे ९ लाख ३० हजार किलोमीटर, चंद्र आपल्यापासून आहे त्याच्या अडीचपटसुद्धा नाही. इतक्या जवळ असल्यामुळे दिवसाची बाजू ७७० सेल्सिअसच्या आसपास तापते, आणि २०१९ मध्ये स्पिट्झर दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून दाट वातावरण नसल्याचं दिसलं.

हा ग्रह आधीच सापडलेला आहे म्हणून प्रश्न नाही, पण अनोळखी ताऱ्यावर असा खड्डा मिळाला तर लगेच ग्रह म्हणू नका. टेसचा एक पिक्सेल आकाशात २१ आर्कसेकंदांचा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) असतो, त्यात शेजारच्या ताऱ्यांचा उजेडही मिसळतो, आणि शेजारी एकमेकांना झाकणारी ताऱ्यांची जोडी असेल तर ती हुबेहूब असाच खड्डा पाडते. दुप्पट कालावधीवर फोल्ड करून बघा, दोन खड्डे कमीजास्त खोल आले तर बहुतेक ती जोडीच.

हे जमलं की एल ९८-५९ हा तारा घ्या, सेक्टर २. तिथे तीन ग्रह ताऱ्यासमोरून जातात, २.२५, ३.६९ आणि ७.४५ दिवसांचे, म्हणून शोधायची वरची मर्यादा १० दिवसांपर्यंत न्या. पहिला मिळाला की त्याचे बिंदू मास्क करून, म्हणजे झाकून, बीएलएस पुन्हा चालवा, मग दुसरा वर येतो, तोही मास्क केला की तिसरा.