एका दाखल्यापायी गेलेलं वर्ष: बीएस्सी नर्सिंग ते एमएस्सी

बारावीचा निकाल लागला तेव्हा आमच्या घरी नर्सिंग म्हणजे उपकेंद्रातल्या सिस्टरबाई, एवढंच ठाऊक होतं. मंचरहून एसटीनं पुण्याला आले, चार ठिकाणी फॉर्मची चौकशी केली, तेव्हा कुठे कळलं की यात बरेच फाटे आहेत.

माझी मावसबहीण माझ्यासोबतच आली होती. घरची ओढाताण, म्हणून तिनं जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी, म्हणजे नर्सिंग आणि प्रसूतीसेवेचा कोर्स) धरलं. ३ वर्षांत हातात डिप्लोमा आणि लगेच पगार. मी बीएस्सीला गेले. ४ वर्षं, बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवंच. आता त्यासाठी राज्याच्या सीईटी सेलची वेगळी परीक्षाही असते. मधे नोकरी करून माझ्या बहिणीनं जीएनएमनंतर करता येतं ते २ वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी केलं आणि ती माझ्याच रांगेत येऊन उभी राहिली. शिक्षणाची वर्षं मोजली तर तिची ५, माझी ४. पण मधल्या काळात ती घरी पैसे पाठवत होती आणि मी घरून मागवत होते. त्यामुळे ‘जीएनएम केलं की पुढचं शिक्षण संपलं’ असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. ज्यांना झेपतं त्यांनी थेट बीएस्सी करावं, हे मात्र मी आजही म्हणेन.

पुण्यात मुलींसाठी आणखी एक वाट आहे, एएफएमसीचं, म्हणजे सैन्यदलांच्या मेडिकल कॉलेजचं, नर्सिंग कॉलेज. तिथे नीट द्यावी लागते आणि बीएस्सी झाल्यावर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट म्हणून रुजू व्हायचं असतं. वर्दीची ओढ असेल तरच जा, बाँड असतो.

कॉलेज निवडताना मी इमारत पाहिली, बसस्टॉप पाहिला, हॉस्टेलची मेस पाहिली. पाहायला हवं होतं ते त्यांचं स्वतःचं हॉस्पिटल. किती खाटा भरलेल्या असतात, लेबर रूम चालती आहे का, की विद्यार्थिनींना दुसरीकडे पाठवतात? ससूनसारख्या ठिकाणी पोस्टिंग केलेल्या मुलींचा हात आमच्यापेक्षा कितीतरी आधी बसला होता. सिनियर मुलींना गाठा आणि एकच विचारा, ‘तुमच्या केसबुकातल्या (केलेल्या कामाच्या नोंदवहीतल्या) डिलिव्हरी खऱ्या आहेत ना?’ उत्तर द्यायला किती वेळ लागतो, त्यावरून काय ते कळतं.

आता माझी चूक. एमएस्सीला बीएस्सीत किमान ५५ टक्के लागतात आणि बीएस्सीनंतर १ वर्षाचा अनुभव. हा अनुभव नर्स म्हणून रजिस्ट्रेशन झाल्यावरचा धरतात. मी निकाल लागताच एका खासगी हॉस्पिटलमध्ये रुजू झाले आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन ‘करू सावकाश’ म्हणत चार महिने लांबवलं. भरीस भर म्हणून हॉस्पिटलनं दिलेल्या अनुभवाच्या दाखल्यावर माझं पद होतं ‘ट्रेनी’. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड सांभाळला होता, पण कागदावर मी शिकाऊ! एमएस्सी प्रवेशाचे कागद तपासणाऱ्या बाईंनी पेन्सिलीनं त्या शब्दाखाली रेघ ओढली आणि फाइल परत सरकवली. त्या वर्षीचा प्रवेश गेला.

ते वाढीव वर्ष मी लहान मुलांच्या आयसीयूत काढलं. पहाटे तीनला तान्ह्या बाळाच्या पावलावर मोबाईलचा टॉर्च धरून शीर शोधायची, इंट्राकॅथ (शिरेत घालायची बारीक नळी) लागलं की श्वास सोडायचा. एमएस्सीला मेडिकल सर्जिकल, प्रसूती व स्त्रीरोग, बालआरोग्य, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य असे पाच विषय असतात. मी आधी मेडिकल सर्जिकल घेणार होते, का तर सगळ्या घेतात. त्या वर्षानंतर बालआरोग्य सोडून दुसरं काही मनात आलं नाही.

एमएस्सी केल्यानं वॉर्डातला पगार फारसा वाढत नाही, निदान माझ्या पाहण्यातल्या खासगी हॉस्पिटलांत तरी. शिकवायचं असेल, तर ती पदवी हवीच. सरकारी नोकरीच हवी असेल, तर आधी एम्सच्या नॉरसेटकडे, म्हणजे नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेकडे पाहा. त्याला बीएस्सी पुरते. जीएनएमवाल्यांना मात्र किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलमधला २ वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे तिथेही गाडी दाखल्यापाशीच येते.

मागच्या महिन्यात आमच्याकडे एक नवी मुलगी रुजू झाली. नारायणगावची, पुढे एमएस्सी करायचं म्हणते. डब्याच्या सुट्टीत तिचं जॉइनिंग लेटर मागून घेतलं. पदापुढे ‘ट्रेनी स्टाफ नर्स’. मी तिला डबा अर्धा ठेवायला लावला आणि एचआरकडे पिटाळलं.