साताऱ्यात तीन दिवस: कुठं खायचं, कुठं फिरायचं

कोल्हापूर-गोव्याला जाताना लोक सातारा हायवेवरनंच बघतात, पेढे घेतात आणि पुढं निघतात, मला याचं खरंच वाईट वाटतं. तीन दिवस काढून या, मुक्काम गावातच करा, म्हणजे पोवई नाका ते राजवाडा या पट्ट्यात कुठंही, कारण संध्याकाळी खाण्यासाठी चालतच बाहेर पडायचंय.

प्लॅनिंगचं एकच सूत्र लक्षात ठेवा, साताऱ्यातनं फिरायचे रस्ते तीन दिशांना फुटतात आणि एका दिवशी एकच रस्ता धरायचा. कास आणि ठोसेघर एका दिवसात उरकू म्हणणारे पाहुणे माझ्याकडं दरवर्षी येतात, दोन्हीकडं धड काही बघत नाहीत आणि गाडीत बसूनच दमतात.

पहिला रस्ता सज्जनगडाचा. सकाळी जरा उशिरा निघालात तरी चालतं, गाडी बरीच वर जाते मग पायऱ्या. समर्थांच्या समाधीचं दर्शन घ्या आणि दुपारच्या महाप्रसादाला थांबाच, पंगतीत बसून गरम आमटी-भात आणि गव्हाची खीर खायची, हॉटेलचं जेवण त्यापुढं काहीच नाही. तिथनं त्याच रस्त्यानं पुढं ठोसेघरचा धबधबा, आणि त्याच्याही पुढं चाळकेवाडीचं पठार, पवनचक्क्यांचं. पावसाळ्यात वारा असला असतो की छत्री उघडायचीच नाही, रेनकोट घ्या.

दुसरा रस्ता यवतेश्वर घाटानं कासला, साधारण २५ किलोमीटर. फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरची, तेरडा, गेंद, सीतेची आसवं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या जागा युनेस्कोच्या यादीत गेल्या त्यात कास आहे. हंगामात आधी ऑनलाइन बुकिंग करूनच जायचं. रविवारी अजिबात नको, आम्ही एकदा घरचे सगळे रविवारी गेलो तर अर्धा दिवस घाटातल्या रांगेतच गेला आणि आईला फुलं लांबनंच दाखवावी लागली. आणि पायवाट सोडून फुलांत बसून फोटो काढू नका, प्लीज, तुडवलेलं झाड बी धरत नाही. वेळ असला तर पुढं बामणोलीला उतरा, शिवसागर जलाशयात बोटीनं फिरता येतं. वासोटा किल्ला करायचा तर वनखात्याची परवानगी लागते, पावसाळ्यात तो बंद असतो.

तिसरा रस्ता पुण्याच्या दिशेचा, माझा सगळ्यात लाडका. लिंब गावाजवळची बारा मोटांची विहीर बघा. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. जिन्यानं खाली उतरताना ऊन मागं राहतं आणि अंगाला एकदम गारवा लागतो, भिंतीवर दगडात कोरलेले सिंह आणि खाली हिरवट पाणी. वर मोटांच्या जागा बघा आणि डोळ्यासमोर आणा की एका वेळी बारा मोटा चालत होत्या, बैलांच्या घंटा वाजत होत्या. इथनं पुढं वाई, ढोल्या गणपती, मग मेणवलीचा घाट. तिथली मोठी घंटा वसईच्या मोहिमेनंतर आणलेली, तिच्यावर १७०७ साल आहे.

आता खाणं. सकाळी मिसळ, कट वेगळा मागून घ्या. दुपारी किंवा रात्री एकदा तरी सुकं मटण, अळणी रस्सा आणि गरम भाकरी. शाकाहारी असाल तर वाघ्या घेवड्याची आमटी मिळते का विचारा, आमच्या कोरेगावकडचं पीक आहे, दाण्यावर रेघा असतात आणि शिजला की रस्सा आपोआप दाट होतो. संध्याकाळी राजवाड्याजवळच्या चौपाटीवर भेळ, पावभाजी. उन्हात फिरून आलात की रसवंतीवर आलं-लिंबू घातलेला उसाचा रस, बर्फ कमी सांगायचा.

एक संध्याकाळ अजिंक्यतारा किल्ल्याला ठेवा. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यातच झाला. वरनं दिवे लागताना सगळं गाव दिसतं, तेवढ्यासाठी तरी सूर्यास्ताआधी पोचा.

पेढे शेवटच्या दिवशी सकाळी मोती चौकातनं घ्या, आदल्या दिवशी नको. कंदी पेढ्याचा खवा तपकिरी होईपर्यंत भाजतात, साखर बेताची. घेण्याआधी एक हातात फोडून बघायचा, आत दाणेदार पाहिजे आणि भाजल्याचा खमंग वास आला पाहिजे. नुसताच गोड लागला तर सरळ शेजारच्या दुकानात जा.